गाडी ‘मिसिंग’ का करते? कार्बोरेटरला हात लावण्याआधी

(अलिबाग येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय ऐकायला छोटा आहे. कार्बोरेटरवाली जुनी गाडी, प्रीमियर पद्मिनी म्हणा, ॲम्बेसेडर म्हणा, चालू तर होते, पण नीट चालत नाही. स्लोमध्ये थरथरते. सिग्नलला बंद पडते. वडखळकडून येताना कार्लेखिंड चढायला घेतली की खोकते. गॅरेजच्या भाषेत, गाडी ‘मिसिंग’ करते. हे मिसिंग कुठून येतं आणि ते शोधायचं कसं, एवढंच आज बघायचं आहे.

निष्कर्ष सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणाला उठावं लागलं तरी हरकत नाही. कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं व्याख्यान म्हणजे या दोन वाक्यांचं स्पष्टीकरण आहे.

हे आत्ताच का बोलायचं?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या. फियाट ११०० हीच पुढे सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं सरळ इंजिन. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

यात आपला प्रश्न काय? टॅक्सी होत्या तोपर्यंत मुंबईत गल्लोगल्ली या इंजिनाचे मिस्त्री होते आणि सुटे भाग होते. आवाजावरून दोष सांगणारी ती माणसं आता वयस्क झाली. त्यांच्या पुढची पिढी इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकली, आणि त्या गाड्यांत दोष स्कॅनर सांगतो. जुन्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. मग होतं काय, गाडी थरथरली की पहिला संशय कार्बोरेटरवर. तो उघडला जातो, जेटमध्ये तार घातली जाते, स्क्रू फिरवले जातात. जेटचं भोक पितळेत अगदी मापाने पाडलेलं असतं. तारेने ते जरा जरी मोठं झालं तरी माप गेलं ते गेलं. मूळ दोष होता तिथेच राहतो, आणि आता दोन दोष होतात. चांगला मूळ कार्बोरेटर असा वाया गेला तर तसाच दुसरा मिळवणं दरवर्षी अवघड होत चाललंय. म्हणून शोधायची पद्धत माहीत असणं महत्त्वाचं.

इंजिनाला लागतं काय?

चार गोष्टी. योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, पुरेसा दाब म्हणजे कॉम्प्रेशन, जोरदार ठिणगी, आणि ती ठिणगी पडण्याची अचूक वेळ. या चारांपैकी एक जरी कमी पडली तरी इंजिन अडखळतं. बाहेरून चारही वेळा साधारण सारखंच दिसतं, घोळ होतो तो यामुळे.

आता थोडं गणित करू. या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांमागे एकदा पेटतो. स्लोमध्ये इंजिन मिनिटाला ८०० फेरे मारत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो आणि चार मिळून १६००. म्हणजे सेकंदाला सुमारे २७ ठोके. कान ते सुटे ऐकत नाही, सलग गुणगुण ऐकतो. पण एकच सिलिंडर मेला, तर सेकंदाला सहा-सात वेळा, ठरलेल्या अंतराने, एक ठोका गळतो. ती लय कानाला कळते. भजनात एकाच टाळकऱ्याचा टाळ प्रत्येक आवर्तनाला चुकावा तसं.

म्हणून पहिली पायरी म्हणजे ऐकणं. बोनेट नंतर. गाडीच्या मागे जा, सायलेन्सरच्या तोंडापाशी कान द्या. ठोका नियमित गळतोय का अनियमित? नियमित असेल तर दोष बहुतेक एका सिलिंडरचा. कधी इथे, कधी तिथे, असं असेल तर दोष चारही सिलिंडरच्या सामाईक गोष्टीत: पॉइंट, कॉइल, पेट्रोल किंवा कुठूनतरी आत शिरणारी हवा.

जुने मिस्त्री आणखी एक करतात. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरतात. कागद सतत बाहेर ढकलला जायला हवा. मध्येच आत ओढला जात असेल, तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही असा संशय घ्यायला जागा आहे. खर्च शून्य.

एक सिलिंडर की चारही?

दोष एका सिलिंडरचा वाटला, तर तो कुठला हे शोधायचं. इंजिन स्लोमध्ये ठेवा आणि एकेका प्लगची वायर क्षणभर काढून परत लावा. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच आळशी.

इथे सावध राहा. त्या वायरीत हजारो व्होल्टचा करंट असतो. जाड रबराची मूठ असलेला चिमटा वापरा, आणि काढलेली वायर अधांतरी न ठेवता इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर यातलं काहीच करू नका. आधी गळती शोधा.

आळशी सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये घाला आणि शेजारचा याच्यात. दोष प्लगबरोबर सरकला? मग प्लग खराब. नाही सरकला? मग वायर बदलून बघा. तरीही दोष तिथेच बसलाय? मग प्रश्न सिलिंडरच्या आतला, म्हणजे कॉम्प्रेशनचा असण्याची शक्यता मोठी.

प्लग काढलेच आहेत, तर ते वर्तमानपत्रावर एक ते चार असे क्रमाने मांडा. क्रम महत्त्वाचा. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढरट असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी. तेलकट असेल तर आत ऑइल येतंय. पेट्रोलने ओला असेल तर तिथे ठिणगी पडतच नाही. चारही सारखे काळे असले तर सामाईक कारण शोधा. एकच काळा असेल तर त्या एका सिलिंडरकडे बघा. कार्बोरेटर तर चौघांना एकच आहे, तो एकाच प्लगला काळं कसा करेल?

एका वेळी एकच बदल

हे तत्त्व पटवायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या गावातली चुंबकीय वेधशाळा आहे ना, तिचंच उदाहरण घ्या. ती मूळची मुंबईत कुलाब्याला. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार हे स्पष्ट झालं, म्हणून डॉ. नानाभाई मूस संचालक असताना नोंदीचं काम अलिबागला आणलं. इथे १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. पण कुलाब्याच्या लगेच बंद केल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजलं. का? पुढे आकड्यात फरक दिसला, तर तो पृथ्वीचा की जागेचा, हे वेगळं सांगता यावं म्हणून.

गाडीलाही हाच न्याय. प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि पेट्रोल एकाच दुपारी बदललं आणि गाडी सुधारली, तर काय शिकलात? काहीच नाही. पुढच्या वेळी परत चारही वस्तूंचे पैसे. आणि बिघडली, तर चौघांपैकी गुन्हेगार कोण? म्हणून एक बदल करा, गाडी चालवून बघा, वहीत लिहा. बदललेला जुना भाग टाकू नका. फरक पडला नाही तर तोच परत लावा. नवीन भाग चांगलाच असतो असंही समजू नका. आजकाल मिळणारे कंडेन्सर आणि रोटर पेटीतूनच खराब निघाल्याच्या तक्रारी जुन्या गाडीवाल्यांत नेहमीच्या आहेत.

क्रम कसा ठेवायचा?

पहिलं, टॅपेट आणि कॉम्प्रेशन. टॅपेटची फट मॅन्युअलमध्ये दिली आहे तशी ठेवा. मग चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, कॉम्प्रेशन गेजने मोजा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे जवळपास सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. एक बराच कमी असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात. नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही कमी असतील तर हेड गॅस्केट बघा. इथे दोष निघाला, तर कार्बोरेटर कितीही ट्यून करा, उपयोग नाही.

दुसरं, ठिणगी. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. आत हिरवट थर, ओल, किंवा पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का? ती रेघ म्हणजे करंटने शोधलेली चोरवाट. अशी कॅप बदलायचीच. मग पॉइंट. त्यांची तोंडं खडबडीत, जळलेली असतील तर कंडेन्सरवर संशय. पॉइंटची फट या इंजिनाला साधारण ०.४५ मिलिमीटर लागते, ती फिलर गेजने बघा. डोळ्याच्या अंदाजाने नको.

फट आधी, टायमिंग नंतर, हा क्रम उलटा करू नका. फट बदलली की पॉइंट उघडण्याची वेळ बदलते, म्हणजे टायमिंग आपोआप हलतं. आधी टायमिंग लावून मग फट लावणारा माणूस आपणच केलेलं काम मोडत असतो. डिस्ट्रिब्युटरचा दांडा बोटाने हलवून बघा. बुश झिजून तो लडबडत असेल तर फट प्रत्येक फेऱ्याला वेगळी पडते. मग कितीही वेळा लावा, गाडी स्थिर होणार नाही.

गाडी थंड असताना छान चालते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी मिसिंग करते, असं असेल तर कॉइल आणि कंडेन्सर लक्षात ठेवा. दोन्ही गरम झाल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर परत साळसूद होतात.

तिसरं, चोरून शिरणारी हवा. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधलं पॅकिंग, मॅनिफोल्ड आणि हेडमधलं पॅकिंग, ब्रेकला किंवा डिस्ट्रिब्युटरला जाणारे रबरी पाइप. यातलं काहीही फाटलं की मोजमाप न झालेली हवा आत जाते. तपासायला साबणाचं पाणी आणि जुना ब्रश पुरे. इंजिन स्लोमध्ये ठेवून सांध्यांवर पाणी लावत जा. एका जागी लावताच इंजिनाचा आवाज बदलला, तर भोक तिथे. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या एक्झॉस्टवर ते पेटू शकतं, म्हणून आम्ही तसं सांगणार नाही.

व्हॅक्यूम गेज लावायची सोय असेल तर फारच छान. ठीक इंजिनाचा काटा स्लोमध्ये साधारण १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. हा आकडा समुद्रसपाटीचा, म्हणजे आपल्या अलिबागचा. महाबळेश्वरला तीच गाडी चारेक इंच कमी दाखवेल आणि तो दोष नसेल.

चौथं, पेट्रोल पोचतंय का? कार्बोरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढून ठेवा आणि स्टार्टर मारा. एसी पंपाने जोरदार पिचकाऱ्या मारायला हव्यात. कमी असतील तर फिल्टर, पाइप, पंपाचा पडदा बघा. टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं असेल तर गाडी पाच-दहा किलोमीटर चालून मान टाकते, आणि झाकण उघडलं की परत धावते.

आणि आता कार्बोरेटर. उघडण्याआधी त्यालाच एक प्रश्न विचारा. गरम इंजिनावर चोक किंचित ओढा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. बिघडली तर पेट्रोल आधीच पुरेसं किंवा जास्त आहे. मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा इकडे-तिकडे फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर स्लोचा जेट बुजलाय किंवा हवा दुसरीकडून येतेय. फिरवण्याआधी स्क्रू मुळात किती फेरे उघडा होता हे मोजून लिहा. साफ करताना क्लीनर आणि हवा वापरा. तार नको.

अलिबागच्या हवेचं काय?

आपल्याकडे तीन गोष्टी जास्त छळतात. पहिली, खारी दमट हवा. तिने बॅटरीच्या टर्मिनलवर आणि अर्थच्या पट्टीवर गंज आणि हिरवा थर चढतो, करंट कमी पडतो. दुसरी, उभ्या गाड्या. किहीम, आक्षी, नागावच्या वाड्यांतून मुंबईकरांच्या गाड्या पावसाळाभर झाकून उभ्या असतात. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. सगळ्यात बारीक भोक स्लोच्या जेटचं, ते आधी बुजतं. म्हणून दिवाळीत बाहेर काढलेली गाडी वेगात ठीक धावते आणि स्लोमध्ये बंद पडते.

तिसरी, आजचं पेट्रोल. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालंय. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊच पट. मिश्रणाचा हिशेब १३.५ च्या आसपास येतो. जेटचं माप मात्र जुन्या पेट्रोलचं. म्हणजे गाडी सात-आठ टक्के उपाशी चालते. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पेट्रोलचा पाइप तळाजवळूनच ओढतो. संशय आला तर टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर इंजिनाला दोष देऊ नका.

एक उदाहरण

समजा, नागावच्या वाडीतली पद्मिनी. पावसाळ्यानंतर चालू केली, स्लोमध्ये थरथरते, चोक ओढला की बरी चालते. घाईने बघितलं तर कार्बोरेटरच वाटेल. आपण क्रमाने जाऊ. ठोका नियमित गळतोय, म्हणजे एक सिलिंडर. वायरी काढून बघितल्या, तीन नंबर आळशी. प्लगची अदलाबदल केली, दोष तिथेच. वायर बदलली, तिथेच. कॉम्प्रेशन चारही सारखं. मग त्या सिलिंडरपाशी हवा शिरतेय का? साबणाचं पाणी मॅनिफोल्डच्या तीन नंबरजवळच्या सांध्याला लावलं आणि इंजिन सावरलं. पॅकिंग गेलंय. चोक ओढल्यावर गाडी का सुधारत होती तेही आता कळलं. जास्तीच्या हवेला जास्तीचं पेट्रोल मिळत होतं. कार्बोरेटर निर्दोष होता. तो आधीच उघडला असता तर?

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर ही कटकट संपेल ना?*

पॉइंटची झीज आणि फट लावण्याचं काम संपेल, हे खरं. पण दांड्याचा बुश झिजलेला असेल, कॅपमध्ये ओल असेल, तर ते दोष राहतील. आधी आहे ते नीट करा, मग बदला. आणि जुने पॉइंट-कंडेन्सर डिकीत ठेवा.

*प्रश्न: नव्या पेट्रोलसाठी जेट मोठा करावा का?*

आधी बाकी सगळं तपासून मगच. तेही भोक कोरून नको, एक माप मोठा जेट विकत घेऊन लावा आणि जुना जपून ठेवा. त्याहून आधी रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे बसवा. पाइप फुगून फुटला तर मिसिंगचा प्रश्न मागे पडतो, आगीचा उभा राहतो.

*प्रश्न: पीयूसीच्या आकड्यांतून काही कळतं का?*

कळतं, आणि कुणी वाचत नाही. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातंय. तो ठीक पण हायड्रोकार्बन खूप जास्त असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर येतंय, म्हणजे एखादा सिलिंडर चुकतोय. ती पावती वहीत चिकटवून ठेवा.

शेवटी त्या वहीबद्दलच सांगतो. तारीख, किलोमीटर, काय बदललं, काय फरक पडला, एवढं चार ओळींत लिहीत जा. तुमच्या गाडीची सवय माहीत असलेला मिस्त्री उद्या भेटेलच असं नाही. वही असेल तर नव्या मुलालाही त्यावरून काम करता येईल. आणि तुमच्या ओळखीत असा जुना मिस्त्री असेल, तर पुढच्या वेळी काम झाल्यावर पैसे देऊन निघू नका. त्यांना विचारा, “मामा, हे ओळखलंत कसं?” आणि ते सांगतील ते लिहून घ्या.